रश्शाला दाटपणा कोण देतं? शेंगदाणा, टोमॅटो आणि ‘कार्ब’ मोजण्याची गोष्ट

गेल्या वर्षी जुलैत आमच्या घरी एक प्रसंग घडला. चूक माझी होती, म्हणून आधी तीच सांगते.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चार वर्षांपूर्वी शुगर निघाली. मी सुट्टीला निमगाव सावाला आले होते. रसायनशास्त्रात एमएस्सी, त्यात पीएचडीचा विषय अन्नघटकांच्या तक्त्यांचा इतिहास. मग काय, मी लगेच घरात आहारतज्ज्ञ झाले. “अण्णा, भाकरी बंद. नुसता रस्सा प्या, कार्ब कमी होतील,” असं सांगून टाकलं. अण्णांनी सकाळची गोळी घेतली, वाटीभर रस्सा प्यायले आणि शेतावर गेले. टोमॅटोचा तोडा चालू होता. अकराच्या सुमारास त्यांचे हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला आणि ते सरीतच खाली बसले. तोड्याला आलेल्या एका मावशींनी ओळखलं. डब्यातला गूळ त्यांच्या तोंडात घातला, वर साखरेचा चहा पाजला. पंधरा-वीस मिनिटांनी माणूस ताळ्यावर आला.

संध्याकाळी अण्णा एवढंच म्हणाले, “अगं, तू सांगितला तसा रस्साच तर प्यायलो. तुझ्या त्या पुस्तकात गोळीचं काय लिव्हलं नव्हतं का?”

खरंच नव्हतं. त्या वाक्यामुळेच हा लेख लिहायला घेतला. ‘लो-कार्ब रस्सा’ म्हणजे नेमकं काय? रश्शात कार्ब कुठून येतात? ते मोजायला कोणी आणि कसं सुरू केलं? आणि मी नेमकी कुठे चुकले? एकेक करून बघू.

टोमॅटो नव्हता तेव्हाचा रस्सा

जुन्नर-आंबेगावकडच्या कुठल्याही रश्शात दोन कामं असतात. एक आंबटपणा आणायचा, दुसरं दाटपणा. आज आपण दोन्ही कामांसाठी डोळे झाकून टोमॅटो टाकतो. पण टोमॅटो हा या चुलीवरचा अगदी अलीकडचा पाहुणा आहे.

आंबटपणासाठी देशावर चिंच होती, ताक होतं, कैरी होती. घाटाखाली कोकणात आमसूल. दाटपणा देणाऱ्यांची तीन घराणी सांगता येतील. पहिलं धान्य-डाळींचं: बेसन, पालेभाजीला लावलेलं ज्वारीचं पीठ, पारनेर-नगरकडचं येसर, म्हणजे भाजलेली धान्यं-डाळी मसाल्यासोबत दळून केलेली पूड. दुसरं तेलबियांचं: शेंगदाण्याचं कूट, तीळ, कारळे, आणि त्यांच्याच पंगतीत बसणारं सुकं खोबरं. तिसरं भाज्यांचं: भाजलेला कांदा, शिजून गळालेलं वांगं, आणि आता टोमॅटो.

आमच्या भागाची मासवडी ही या घराण्यांची सोयरीकच आहे. बाहेरचं आवरण बेसनाचं, म्हणजे पहिल्या घराण्याचं. आतलं सारण तीळ, खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबिरीचं. वर ओतायचा तो झणझणीत रस्सा, कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा. कार्बच्या हिशेबाने बघितलं तर एकाच ताटात जास्त कार्बचं आवरण आणि कमी कार्बचं सारण. हे मुद्दाम कोणी ठरवून केलेलं नाही. घरात जे पिकत होतं, जे टिकत होतं, ते वापरलं.

यातला शेंगदाणा तरी ‘आपला’ म्हणावा, तर तोही दक्षिण अमेरिकेतून आलेला. मिरचीही अमेरिकेचीच. म्हणजे आजीच्या हातचा ‘अस्सल गावरान’ रस्सा हासुद्धा गेल्या चार-पाचशे वर्षांत जमत गेलेला आहे. टोमॅटो त्या रांगेत शेवटी येऊन उभा राहिला, इतकंच.

बेलवांगी ते क्रेट

टोमॅटोची मराठी नावं ऐकली की तो परका होता हे कळतं. कुठे बेलवांगी, कुठे वेलवांगी, विदर्भात भेदरं. नवीन फळ आलं की माणसं ओळखीच्या भाजीचं नाव त्याला चिकटवतात. वांगं जवळचं वाटलं, ते बरोबरच होतं. वनस्पतिशास्त्रातही टोमॅटो आणि वांगं एकाच ‘सोलॅनम’ वंशातले.

जॉर्ज वॉट यांनी १८८९ पासून भारतातल्या उपयोगी वनस्पती, प्राणी आणि खनिजांचा एक प्रचंड कोश काढला. माझ्या कामात तो वारंवार हाताशी लागतो. त्यात टोमॅटोबद्दल नोंद आहे: लागवड मुख्यतः युरोपियन लोकांसाठी होते, इथल्या लोकांना त्याची चव नुकती कळू लागली आहे, आणि बंगाली व बर्मी लोक तो आंबट कालवणात घालतात. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी टोमॅटो भारतात होता, पण सगळ्यांच्या रश्शात नव्हता.

माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी कालवणात टोमॅटो नसायचाच. आमच्याकडे टोमॅटोचं राज्य आलं ते पाण्यामागून. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे फिरले आणि जिरायती बाजरीच्या रानात बागायती पिकं उभी राहिली. मग संकरित बियाणं, तार-बांबू, ठिबक, मल्चिंग आणि नारायणगावचा टोमॅटो बाजार. आज तिथून माल कुठल्या कुठे जातो.

या बाजाराचा स्वभाव आम्हा पोरांना पाढ्यांसारखा पाठ आहे. जुलै २०२३ मध्ये २० किलोच्या क्रेटला २००० रुपयांच्या पुढे भाव गेला होता. त्याच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, भाव इतका पडला की राज्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. गंमत म्हणा की दुःख, टोमॅटो मातीमोल होतो तेव्हाही गावातल्या दुकानात सॉसची बाटली त्याच भावाने विकली जाते. बांधावर टोमॅटो सडतोय आणि घरात पोरं चपातीला बाटलीतला सॉस लावतायत, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

बाटलीत साखर कशी शिरली

आता त्या बाटलीकडे वळू, कारण कार्बचा एक मोठा धागा तिथे आहे.

‘केचप’ हा शब्द मुळात टोमॅटोचा नाहीच. दक्षिण चीन आणि आग्नेय आशियातल्या आंबवलेल्या माशांच्या खारट रसाशी त्याचं नातं सांगतात. इंग्रजांनी त्याची नक्कल मशरूम आणि अक्रोड वापरून केली. टोमॅटोच्या केचपची सगळ्यात जुनी छापील कृती १८१२ ची मानतात. ती फिलाडेल्फियाच्या जेम्स मीस यांची.

टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी. त्यामुळे तो पटकन आंबतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतले कारखानदार बाटलीत सोडियम बेंझोएट घालत. १९०६ मध्ये तिथे अन्नशुद्धतेचा कायदा झाला आणि बेंझोएट चांगलं की वाईट यावर जोरदार वाद पेटला. हाइन्झ कंपनीने बेंझोएटशिवाय केचप टिकवून दाखवलं. त्यासाठी पिकलेला टोमॅटो घेतला आणि व्हिनेगर वाढवलं. व्हिनेगरने आंबट झालेलं तोंड गोड करायला, आणि टिकायलाही, साखर वाढली. आपल्या आज्या लिंबाच्या गोड लोणच्यात साखर घालतात त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे. साखर पाणी धरून ठेवते, जंतूंना ते वापरता येत नाही.

म्हणजे सॉसमधली साखर मुळात स्वयंपाकासाठी आली नाही, ती साठवणीसाठी आली. आपली जीभ नंतर तिला सरावली.

आपल्याकडच्या नियमातही हा इतिहास दिसतो. भारतीय मानकानुसार टोमॅटो केचप किंवा सॉसमध्ये मीठ वगळून विरघळलेले घन पदार्थ किमान २५ टक्के लागतात. ताज्या टोमॅटोत ते ५ टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणजे नुसत्या टोमॅटोने २५ गाठायचे तर पाच किलोचा एक किलो आटवावा लागेल. साखर घातली की तोच आकडा स्वस्तात गाठता येतो. म्हणून बाजारातल्या साध्या केचपमध्ये १०० ग्रॅममागे २५ ते ३० ग्रॅम कार्ब सहज सापडतात आणि त्यातला मोठा भाग साखरेचा असतो. टोमॅटो प्युरीला मात्र किमान ९ टक्केच घन पदार्थ लागतात. तिथे साखर घालायचं कारणच उरत नाही.

कार्ब मोजला जात नाही, तो उरतो

आता माझ्या संशोधनाचा भाग. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही चकित झाले होते.

जुन्या तक्त्यांमध्ये ‘कार्बोहायड्रेट’ हा आकडा थेट मोजलेला नसायचा. तो वजाबाकीने काढायचे. १०० ग्रॅम पदार्थ घ्यायचा. त्यातलं पाणी, प्रथिनं, स्निग्ध, राख आणि तंतू मोजायचे. उरेल ते कार्बोहायड्रेट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन रसायनतज्ज्ञ विल्बर अॅटवॉटर यांनी ही वजाबाकीची रीत रूढ केली. भारतात कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये आपल्या अन्नांचा तक्ता ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ म्हणून काढला. ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिथून १९७१ मध्ये सी. गोपालन आणि सहकाऱ्यांचा तक्ता आला, जो आपल्या डाएटच्या कागदांमध्ये वर्षानुवर्षं उतरत राहिला. २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थांचे नवे तक्ते आले.

आता जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवा. १०० ग्रॅममागे कार्ब, ग्रॅममध्ये:

शेंगदाणा: जुना २६, नवा १७.
हरभरा डाळ: जुना ६०, नवा ४७.
बाजरी: जुना ६७.५, नवा ६२.

एवढा फरक कसा? वाण आणि नमुने वेगळे, हे थोडं कारण आहे. मोठं कारण तंतूंमध्ये आहे. जुन्या रीतीत पदार्थ आधी सौम्य आम्लात, मग अल्कलीत उकळायचे आणि शेवटी उरेल त्याला ‘क्रूड फायबर’ म्हणायचे. या उकळाउकळीत बरेच तंतू विरघळून जायचे. ते तंतूंच्या खात्यात जमा न होता आपोआप कार्बच्या खात्यात पडायचे, कारण कार्ब म्हणजे ‘उरेल ते’. १९८५ च्या सुमारास पचनासारखी विकरं वापरून एकूण तंतू मोजायची पद्धत पक्की झाली. नव्या तक्त्यात तीच आहे. जुन्या तक्त्यात शेंगदाण्याचे तंतू ३ ग्रॅम होते, नव्यात ते १० झाले. शेंगदाणा तोच होता, खतावणी बदलली.

याचा व्यवहारात अर्थ असा की जुना कागद बघून कोणी तुम्हाला ‘कूट घालू नका, कार्ब फार’ असं सांगितलं असेल, तर त्यातला बराच भाग न पचणाऱ्या तंतूंचा होता.

आईच्या पातेल्याचा हिशेब

प्रसंग घडल्यावर मी आईच्या शेजारी तराजू घेऊन बसले. चार माणसांच्या रश्शाला ४०० ग्रॅम टोमॅटो, १०० ग्रॅम कांदा, ५० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, लसूण, मसाला, कोथिंबीर. नव्या तक्त्याने टोमॅटोचे साधारण ११ ग्रॅम कार्ब, कांद्याचे ९-१०, कुटाचे ९, बाकी दोन-तीन. एकूण ३२ च्या आसपास. माणशी वाटीला ८ ग्रॅम.

कुटाऐवजी ५० ग्रॅम बेसन लावलं असतं तर? बेसनाचे २३, म्हणजे माणशी साडेअकरा. फरक आहे, पण जगबुडी नाही.

आणि भाकरी? १०० ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या तर ६२ ग्रॅम.

इथे माझी चूक मला आकड्यांत दिसली. मी अण्णांच्या सकाळच्या जेवणातून एका झटक्यात साठेक ग्रॅम कार्ब काढून घेतले होते आणि मागे आठ ठेवले होते. गोळी मात्र पहिल्याच जेवणाच्या हिशेबाची होती.

गोळीचा इतिहास मी वाचायला हवा होता

मधुमेहात खाणं कमी-जास्त करून साखर आवरायची कल्पना जुनी आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांमध्ये बैठी सुखाची सवय, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ येतात आणि पथ्यात जव येतो. युरोपात जॉन रोलो या लष्करी डॉक्टरने १७९७ मध्ये मांसाहारावर भर देणारं पथ्य मांडलं. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, लोकांना अन्न पुरेना, तेव्हा बूशार्दा यांच्या लक्षात आलं की मधुमेहींच्या लघवीतली साखर कमी झाली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवत. तेव्हा दुसरा उपायच नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं आणि चित्र पालटलं.

अण्णांची गोळी ज्या गटातली आहे त्या सल्फोनिलयुरियांचा शोध तर एका अपघातातून लागला. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मार्सेल जान्बों टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते. रुग्णांची साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ लागली. सहकारी ऑग्युस्त लूबातिएर यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि त्यातून मधुमेहाच्या गोळ्या आल्या. म्हणजे या औषधाची जगाला पहिली ओळखच ‘साखर फार खाली नेणारं’ अशी झाली. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही भाकरी खाल्ली की नाही हे न बघता.

इन्सुलिनच्या आधीचं पथ्य एकटं चालायचं. औषध आल्यानंतर पथ्य आणि औषध एका जोखडाला बांधलेले दोन बैल झाले. एकाला अचानक सोडलं की गाडी कलंडते. मी १७९७ चं पथ्य वाचलं होतं, १९४२ ची गोळी विसरले होते.

म्हणून कळकळीने सांगते: तुमच्या घरात कोणी इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेत असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय भाकरी, भात एकदम बंद करू नका. आमच्या डॉक्टरांनी आधी गोळीचा डोस कमी केला, मग भाकरी दोनाची एक केली. आता शेतावर जाताना अण्णांच्या खिशात गुळाचा खडा असतो.

तर मग रस्सा कसा करायचा, सॉस कोणता घ्यायचा?

आमच्या घरी जे ठरलं ते सांगते.

रश्शाला दाटपणा तेलबियांनी द्यायचा: कूट, तीळ, कारळे, खोबरं. बेसन लागलंच तर चमच्याने मोजून. पिठलं हे कालवण नाही, कार्बच्या हिशेबात ते जवळपास दुसरी भाकरी आहे, हे लक्षात ठेवायचं. तेलबियांत कार्ब कमी असले तरी तेल भरपूर असतं, म्हणून मूठभर कूट पुरे. चिंच चालते, कारण ती थोडी लागते. तिच्याबरोबर जाणारा गूळ मात्र मोजायचा.

टोमॅटोला घाबरायचं कारण नाही. १०० ग्रॅममध्ये जेमतेम ३ ग्रॅम कार्ब. पण आटवताना एक गोष्ट ध्यानात घ्या: पाणी उडून जातं, साखर जात नाही. एक किलो टोमॅटो आटवून ३०० ग्रॅम सॉस केला, तर किलोभर टोमॅटोतले २७ ग्रॅम कार्ब त्या ३०० ग्रॅममध्येच बसलेले असतात. तरी ते विकतच्या केचपच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच होतात. भाव पडतो तेव्हा आई असाच सॉस करते: टोमॅटो, लसूण, मिरची, मीठ, थोडं व्हिनेगर. साखर नसल्यामुळे तो टिकत नाही, म्हणून थोडा फ्रिजमध्ये, बाकी डब्यांत भरून फ्रीझरमध्ये.

विकत घ्यायचाच असेल तर बाटलीची पाठ वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर ती बाटली परत फळीवर ठेवा. ‘अॅडेड शुगर’ची ओळ बघा. ‘साखर नाही’ असं समोर लिहिलं असलं तरी मागे माल्टोडेक्स्ट्रिन किंवा स्टार्च आहे का ते शोधा. १४२२ हा आकडा दिसला तर तो बदललेला स्टार्चच असतो. रश्शासाठी साधी प्युरी सगळ्यात बरी. परदेशात असाल तर आणखी एक: अमेरिकेतल्या लेबलवर एकूण कार्बमध्ये तंतूही धरलेले असतात, ते वजा करून बघा.

अण्णांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी रस्सा पहिल्यापासून चांगलाच व्हता. मोजणाराच नवीन व्हता.”

माझ्या प्रबंधाचं सार याहून थोडक्यात मला अजून लिहिता आलेलं नाही.